मुऱ्हाळी झिपरूनाना

माहेरच्या ओढीवर आमच्याकडे गाणी पुष्कळ. झोक्यावर बसून बायका ती तासन्‌तास म्हणतात. पण त्यातल्या एकाही गाण्यात तिसऱ्या वर्गाचा डबा येत नाही. मला विचाराल तर माझं माहेर म्हणजे आधी नागपूर ते भुसावळ अशी लाकडी बाकावरची अख्खी रात्र, मग भुसावळच्या फलाटावर ट्रंकेवर बसून काढलेली पहाट, आणि त्यानंतर सुरतेकडे जाणारी ती पॅसेंजर, जी वाटेतल्या प्रत्येक स्टेशनाची विचारपूस करत दुपारी कधीतरी खांडबाऱ्याला टेकायची. तोवर केसांत कोळसा, डोळ्यांत कोळशाची कणी आणि पाय सुजून चपलेत न मावणारे. आई दारात भाकरतुकडा ओवाळायची, तेव्हा तिच्या गळ्यात पडण्यापेक्षा तिथेच उंबऱ्यावर आडवं व्हावंसं वाटे.

या सगळ्या प्रवासांत माझ्यासोबत असायचे ते झिपरूनाना.

नाना आमचे शेजारी. खांडबाऱ्याच्या बाजारात एका मारवाडी शेठच्या कापडदुकानाच्या ओट्यावर त्यांचं शिलाईमशीन होतं. आधीची भावंडं जगेनात म्हणून आईने नजर लागू नये असं नाव ठेवलं, झिपरू. माझ्याहून ते दहा वर्षांनीच मोठे, पण चेहरा असा की विशीतच गावाने त्यांना नाना करून टाकलं. उंच, किडकिडीत, डोक्यावर काळी टोपी आणि गळ्यात माप घ्यायची पट्टी. ही पट्टी ते प्रवासातही काढत नसत. डब्यात समोर कोणी येऊन बसलं की नाना त्याच्याकडे दोन घटका बघत आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणत, "छाती अडतीस. पन शिंपीनी चाळीसनी शिवेल शे. कापड वाया गयं." जगात इतकी माणसं चुकीच्या मापाचं घालून हिंडतात याचं त्यांना खरंखुरं वाईट वाटायचं.

खानदेशाबाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे लेकींचा सण. दिवाळीला एक वेळ आली नाही तरी चालेल, पण आखाजीला लेक माहेरी आलीच पाहिजे. आणि लेक आपली आपण येत नाही. माहेरचं माणूस तिला आणायला सासरी जातं, तो मुऱ्हाळी. मला भाऊ नव्हता. वडील शाळामास्तर, त्यांना दमा. रात्रभर गर्दीत बसणं त्यांना झेपणारं नव्हतं. मी लग्न होऊन नागपूरला गेले तेव्हा नवे पैसे यायचे होते आणि नागपूर मध्य प्रदेशात होतं. गावातल्या बाकीच्या मुली नंदुरबारला, फार तर दोंडाईचा-अमळनेरला दिलेल्या. इतक्या लांब कोण जाणार? नाना म्हणाले, "मी तं तिकडे जासच. आनसू मास्तरनी पोरले बी."

नाना तिकडे का जात, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक बहीण बायजा नागपूरच्याच वाटेवर पुलगावला, गिरणीसाठी तिकडे गेलेल्या एका खानदेशी घरात दिलेली होती, आणि लग्नाच्या दिवसापासून ती एकदाही माहेरी आलेली नव्हती.

कारण ऐकून हसू येईल. लग्नात आमच्याकडे कानपिळी असते. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, नवरदेवाने त्याला टोपी-उपरणं द्यायचं, मांडवाने हसायचं, संपलं. नाना तेव्हा अठरा वर्षांचे, कात्री चालवून चालवून बोटं लोखंडाची झालेली. मित्रांनी चढवलं आणि यांनी कान असा काही पिळला की नवरदेव भर मांडवात पोरासारखा किंचाळला. त्याच्या कानात आदल्या दिवसापासून पुळी होती, हे कोणाला ठाऊक? वऱ्हाडातले लोकसुद्धा हसले. नवरदेवाचा बाप मात्र हसला नाही. मोठा मानी माणूस. तिथेच उभा राहून म्हणाला, "हाई पोर आते मन्हा घरनी. हिले आखाजीले काय, कधीच माहेर धाडाव नई."

नवरदेवाचा, रामदासचा, कान चार दिवसांत बरा झाला. तो साधा माणूस, गिरणीत कामाला, झालं-गेलं विसरूनही गेला. म्हाताऱ्याने मात्र शब्द धरून ठेवला. इकडे नानांच्या आईनेही धरला. बायजी करवली म्हणून उभी राहील तेव्हाच या घरात मांडव पडेल, असं ती म्हणाली. म्हणून नानांचं लग्न राहिलं. दोन म्हाताऱ्या माणसांनी आपापल्या जागी पाय रोवले आणि मधल्या दोघांचं आयुष्य चाललं. मला आजही त्या म्हाताऱ्यांचा राग येतो.

पहिल्या वर्षी नाना मला न्यायला आले तो दिवस मला लख्ख आठवतो. सासूबाई म्हणाल्या, "हातपाय धुवा, पाणी घ्या, जेवूनच निघा." नानांनी आपला फिरकीचा तांब्या दाखवला. "पानी मन्हाजोडे शे, माय." मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी माहेरच्यांनी घ्यायचं नाही, अशी जुनी रीत. पण माझ्या दोन्ही मुली झाल्यावरही नानांनी ती मोडली नाही. अंगणात उकिडवे बसून ते बरोबरची दशमी खात. सासूबाई कौतुकाने म्हणत, "मुऱ्हाळी असावा तर असा."

गाडीत मात्र त्यांची कला बघावी. आखाजीच्या आधीची ती गर्दी, एप्रिलची आग ओकणारी हवा, बाकांवर माणसं, बाकांखाली माणसं, संडासाच्या दारात पोत्यांवर माणसं. लोक भांडून जागा मिळवत. नाना भांडत नसत. ते एखाद्या ऐसपैस बसलेल्या गृहस्थासमोर उभे राहात आणि विचारत, "आपलं गाव कोनतं, दादा?" मग गावातला पाऊस, कपाशी, गावात शिंपी किती. दहा मिनिटांत तो गृहस्थ आपणहून सरके आणि मला जागा होई. नाना स्वतः दाराजवळ आपल्या ट्रंकेवर. मी एकदा त्यांना हा मंत्र विचारला. ते म्हणाले, "जागा मांगो तं लोके पाय पसरतस. गाव ईचारो तं सरकतस." मी पुढे आयुष्यात कचेऱ्यांतून, दवाखान्यांतून हे करून पाहिलं. मला कधी जमलं नाही. मला समोरच्याच्या गावात रस नसायचा, आणि ते त्याला कळत असावं.

रात्रभर ते जागे असत. सुई-दोरा टोपीत खोचलेला. कोणाची गुंडी तुटलेली दिसली की त्यांच्या बोटांना चैन पडत नसे. एका वर्षी बडनेऱ्याला एक फौजी आणि तुपाचे डबे घेतलेला एक व्यापारी यांची जुंपली. डब्यावर पाय दिला यावरून सुरू झालं आणि व्यापाऱ्याच्या सदऱ्याची बाही खांद्यापासून लोंबेपर्यंत गेलं. सगळा डबा मजा बघत होता. नाना उठले, व्यापाऱ्याला म्हणाले, "हालू नका, सुई टोचाई," आणि त्या मिणमिणत्या दिव्याखाली बाही शिवायला लागले. आता शिवणाऱ्या माणसाच्या अंगावरून भांडणार कसं? फौजी थोडा वेळ तावातावाने बोलला, मग दोरा पुरतोय का बघायला वाकला. अकोल्याला तिघे मिळून चहा पीत होते.

रडण्याबद्दलही त्यांचा नियम होता. आखाजी आटोपून सासरी परतताना मी गाडीत बसले की डोळ्यांना धार लागायची. नाना रडू देत. नंदुरबार आलं की म्हणत, "चाल, नंदुरबार उनं. आते डोया पूस." खांडबारा ते नंदुरबार एवढीच रडायला मुभा. का, तर पुढे अनोळखी लोक चढतात आणि त्यांना वाटतं आपल्या पोरीला सासरी जाच आहे. मला जाच नव्हता. मला नुसता कंटाळा होता, जाण्याचा आणि येण्याचाही.

आणि पुलगाव. खांडबाऱ्याहून निघाले की नाना आधी तिथे उतरत, बायजाच्या सासरच्या ओट्यावर अर्धा दिवस बसत, नकार घेत आणि मग नागपूरला माझ्याकडे येत. आले की मी नजरेनेच विचारी. ते म्हणत, "बंडी बरोबर बसनी." याचा अर्थ यंदाही नाही.

ही बंडी काय भानगड, ते मला एका वर्षी प्रत्यक्षच बघायला मिळालं. बाईमाणसाचा शब्द लागू पडेल म्हणून नानांनी त्या खेपेला मला दिवसाच्या गाडीने पुलगावला नेलं. म्हातारा ओसरीत खाटेवर होता. आम्ही खाली बसलो.

"उना का, कानपिळ्या?"

"उनू, आप्पा."

"बंडी आनी?"

"आनी."

नानांनी पिशवीतून नवी कोरी बंडी काढली. म्हाताऱ्याने तिथेच अंगातली उतरवून ती घातली, गुंड्या लावल्या, हात वर-खाली करून बघितले. "गये वरीसथीन सैल करी का रे?"

"तुम्हीच उतरनात, आप्पा."

"हं. झ्याक शे. पोर नई धाडाव."

"बरं," नाना म्हणाले.

दाराआडून पदर ओढलेली एक बाई आली, पाण्याचा तांब्या ठेवून उभी राहिली. नानांनी तांब्याला हात जोडले, प्यायले नाहीत. ती तो उचलून आत गेली. ती बायजाक्का. भाऊबहिणीची वर्षाची भेट एवढीच. मला राहवेना. मी म्हणाले, "आप्पा, तिनी माय थकनी. डोयाले दिखत नई. एकदा तं धाडा." म्हातारा माझ्याकडे वळला. आवाजात राग नव्हता, उलट कीव होती. "मास्तरनी पोर ना तू? बापले ईचारजो, सबद देल मानूस काय करस."

गल्लीच्या टोकाशी आल्यावर मी नानांवर उखडले. त्या माणसाला दरसाल बंडी शिवून द्यायची? तोंडावर फेकून यायची ती! नाना चालता चालता म्हणाले, "त्या घरमा बायजी ऱ्हास. त्या घरवर राग धरीसन माले कसं चाली?"

महाराष्ट्र झाला त्या वर्षी नानांची आई अंथरुणाला खिळलेली होती. त्या खेपेला रामदासने बापाच्या नकळत एक गोष्ट केली. पुलगावला आमची रात्रीची गाडी दोन मिनिटं थांबे. तेवढ्यात तो बायजाला फलाटावर घेऊन येणार होता. इंजिनापासून चौथा डबा, असं ठरलं. गाडी तासभर उशिरा. नाना वर्ध्यापासूनच दारात उभे, हातात एक पुडकं. पुलगाव आलं. अंधारात एक कंदील हलताना दिसला आणि त्यामागे पदर सावरत पळत येणारी बायजाक्का. नाना उतरले.

"माय कशी शे?"

"बरी शे. तुन्ही वाट देखस."

एवढंच. मग दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली. बोला ना, असं मला ओरडावंसं वाटलं, दोनच मिनिटं आहेत! सोळा वर्षांचं दोन मिनिटांत काय बोलणार, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. शिटी झाली. तिने खिडकीतून माझ्या मांडीवर आईसाठी केलेल्या सांजोऱ्यांचं गाठोडं टाकलं आणि नाना चालत्या गाडीत चढले.

धामणगाव गेल्यावर ते माझ्याजवळ आले. पुडकं त्यांच्याच हातात होतं, द्यायचं राहून गेलं होतं. त्यात एक पोलकं होतं, हिरवं, काठाचं. त्यांनी ते उलगडून स्वतःच्या छातीवर धरलं आणि पुन्हा घडी केलं. "तिले हाई व्हवाव नई," ते म्हणाले. "लगीनना टाईमनं माप धरी बठेल व्हतू मी." साऱ्या जगाचं माप नजरेने घेणारा हा माणूस. पदराआडच्या बहिणीला त्याने इतक्या वर्षांत नीट पाहिलंच नव्हतं. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि या वेळी बाकाचा दोष नव्हता.

सांजोऱ्या नानांच्या आईने खाल्ल्या. त्या पावसाळ्यात ती गेली. पत्र पुलगावला पोचलं तोवर दहावा उलटला होता. बायजाक्काने तिथेच अंघोळ केली. नाना पुढच्या आखाजीला पुन्हा पुलगावला गेले, त्याच्या पुढच्याही. येऊन म्हणत, बंडी बरोबर बसनी. म्हाताऱ्याची छाती चाळिसावरून चौतिसावर आली होती, हे मला त्यांच्याचकडून कळायचं.

मग एका माघात म्हातारा गेला. रामदासचं कार्ड आलं: आखाजीला येऊन बहिणीला घेऊन जा.

खांडबाऱ्यात काय चाललं होतं ते वडिलांच्या पत्रांतून कळत होतं. नानांनी घराला चुना दिला. शेजारच्या बायकांनी दाराशी नवी पाटी ठेवून आखाजीला लेकी पूजतात त्या गौराईची तयारी केली. कडुनिंबाला झोका बांधला. बावीस वर्षांनी बायजा येणार म्हणून पार पलीकडच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याही विचारून जात होत्या. नाना मला न्यायला नागपूरला आले तेव्हा नवी टोपी होती. म्हणाले, "कुसुम, आज गाडीमा दोन जागा लागतीन." इतकी वर्षं ओळखत होते मी त्यांना, त्या दिवशी ते पहिल्यांदा त्यांच्या वयाचे दिसले.

पुलगावच्या फलाटावर अख्खं कुटुंब आलं होतं. रामदास आता जाडसर, टक्कल पडलेला. त्याने नानांपुढे मान तिरपी केली. "शालक, पिळी ल्या एकदा. आते तो कान बहिरा शे, काही कळाव नई." सगळे हसले. नानाही हसले, पण त्यांनी कानाला हात लावला नाही, त्याचे पाय धरले. बायजाक्काचं लक्ष नव्हतं. ती सुनेला सांगत होती की दूध तापायला ठेवलं की जागचं हलायचं नाही.

गाडी सुटली. दोन जागा मिळाल्या. बायजाक्का खिडकीशी बसली. कानशिलावरचे केस पिकलेले, तळहात खरखरीत. थोड्या वेळाने तिने भाकरी-ठेचा सोडला आणि भावापुढे धरला. मला वाटलं, नाना हात जोडतील. त्यांनी एक क्षण विचार केला. "गाडी काय कोनाना घरनी नई," म्हणाले, आणि तिच्या हातची भाकरी घेतली. चार भाकरी खाल्ल्या असतील.

त्या रात्री नाना बोलले. एका दमात चार वाक्यांच्या वर न जाणारा हा माणूस मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत बोलत होता. आई कशी गेली, शेवटी काय म्हणाली, शेठचं दुकान कसं वाढलं, कोणाची लग्नं झाली, कोण गेलं, विहिरीला पाणी किती आहे. ती ऐकत होती, मधूनच विचारत होती, एकदा तर तोंडाला पदर लावून इतकी हसली की वरच्या फळीवरचा माणूस उठून बसला. मी डुलक्या घेत होते. डोळा उघडे तेव्हा दोघांची डोकी जवळ दिसत.

अकोल्यानंतर ती मागे पडणारी स्टेशनं मोजू लागली. शेगावला म्हणाली, "सून दूध उतू घाली." मलकापूरला म्हणाली, "गोठामा दिवा कोन लाई?" नाना म्हणाले, "रामदास लाई." तिने मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

भुसावळला उजाडत होतं. तापी लाइनीची, सुरतेकडची गाडी लागली होती. नानांनी माझी ट्रंक चढवली, जागा धरली, आणि बहिणीला घ्यायला खाली उतरले. मी खिडकीत होते. बायजाक्का तिच्या ट्रंकेवर बसलेली, उठेना.

"भाऊ, माले घर लई चाल."

"घरच तं चाली ऱ्हायनूत, बायजी."

"तठे नई. मन्हा घर."

नाना तिच्याजवळ खाली बसले. "आखाजी शे. झोका बांधेल शे. वाट देखी ऱ्हायनात."

"कोन? माय शे का तठे?"

"मी शे ना."

"तू तं आठेच शे," ती म्हणाली. "रातभर व्हता. मन्ही आखाजी व्हई गयी."

मला संताप आला. खरं सांगते, तिच्या दंडाला धरून तिला डब्यात ओढावंसं वाटलं. बावीस वर्षं हा माणूस ओट्यावर बसला, बंड्या शिवल्या, लग्न केलं नाही, आणि हिला गोठ्यातल्या दिव्याची चिंता! मी उतरून तिला काहीतरी लागट बोलणार होते. "बायजाक्का, तुले काही..." एवढं तोंडातून गेलंही. नानांनी हात आडवा केला. "ऱ्हाऊ दे, कुसुम."

त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. एका हमालाला नागपूरकडची गाडी केव्हा ते विचारलं. मग माझ्याकडे आले. चेहऱ्यावर दुःख शोधत होते मी. नुसता रात्रभर जागलेल्या माणसाचा चेहरा होता.

"तू जाय. तुन्हा बाप टेसनवर येल व्हई."

"नाना, गावमा काय सांगू?"

"सांगजो, सासरवाळास्नी यंदाबी धाडी नई."

"पन त्यास्नी तं धाडी!"

"लोके बायजीले नावं ठेवतीन. जावाईले ठेवू देत. तो तिकडे पुलगावले, त्याले काय ऐकू येस?" आणि तिच्याकडे बघत म्हणाले, "भुसावळलगून उनी ना. इतली जवळ कधी उनी व्हती?"

गाडी हलली. खिडकीतून मी मागे बघत होते. दोघं एकाच ट्रंकेवर बसली होती, तोंड नागपूरच्या दिशेला. बायजाक्का काहीतरी सांगत होती, हात हलवून, आणि नाना मान डोलवत होते. त्यांच्या पाठीवर सदरा घामाने चिकटला होता. त्या खेपेला मी आठच दिवस राहिले, तोवर नाना परतले नव्हते. त्याच पावसाळ्यात वडील निवृत्त झाले, आईला घेऊन माझ्याकडे नागपूरला आले, खांडबारा सुटलं आणि मला मुऱ्हाळी लागेनासा झाला. नानांना त्यानंतर मी पाहिलं नाही.

त्या दिवशी दुपारी खांडबाऱ्याला उतरले तेव्हा फलाटावर वडिलांच्या मागे सात-आठ बायका उभ्या होत्या, पिकल्या वयाच्या, सगळ्या कधीकाळी इथे नांदायला आलेल्या. एकीच्या हातात ओवाळायचं ताट. त्यांनी माझ्या मागच्या रिकाम्या दाराकडे पाहिलं. मी म्हणाले, "सासरवाळास्नी यंदाबी धाडी नई." वाटेत मी पुढच्या प्रश्नांची उत्तरं जुळवून ठेवली होती, म्हातारा तर मेला, मग आता कोण अडवतं, नाना कुठे राहिले. ताटवालीने दिवा पदराच्या वाऱ्याने विझवला. कोणीतरी माझी पिशवी घेतली. आणि सगळ्या घराकडे चालू लागल्या. कोणीच काही विचारलं नाही.